घराण्याचा गुन्हा, गावाचा दंड

चार्ल्स डिकन्सच्या 'अ टेल ऑफ टू सिटीज' (१८५९) या कादंबरीत एक जुना कागद आहे. बॅस्टीलच्या कोठडीत डॉ. मानेट यांनी एका सरदार घराण्याचा अत्याचार त्यात लिहून ठेवला आणि शेवटी त्या घराण्याच्या अखेरच्या वंशजापर्यंत सर्वांना दोषी ठरवले. क्रांतीनंतर तोच कागद न्यायालयात वाचला जातो व मानेटांच्याच जावयाला, चार्ल्स डार्नेला, देहदंड होतो. डार्नेचा अपराध एकच, त्या घराण्यातील जन्म. अत्याचार खराच होता. मादाम दफार्जचे सारे कुटुंब त्यात संपले होते. परंतु कृत्याऐवजी कूळ आरोपी झाले आणि न्यायाचा सूड झाला.

बुलढाणा तेव्हा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, त्याच प्रांतातील चांदा जिल्ह्यात हा प्रश्न कादंबरीबाहेर उभा राहिला. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. चिमूरमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा मुलगा ठार झाला. संतप्त जमावाने डाक बंगल्याला आग लावली. डुंगाजी आणि सोनवणे हे अधिकारी मारले गेले. (शौर्यकथांत ही नावे क्वचितच येतात. तीही माणसेच होती.)

मग सरकारचा सूड आला. लष्कर घराघरांत शिरले, शेकडो पुरुष पकडले गेले, स्त्रियांवर अत्याचार झाले आणि साऱ्या गावावर एक लाख रुपयांचा सामुदायिक दंड बसला. कोणी काय केले, हे न पाहता गाव दोषी ठरले; डार्नेच्या बाबतीत झाले ते याहून वेगळे नव्हते.

सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी लष्करातील कोणाचे प्राण मागितले नाहीत. त्यांनी चौकशी मागितली. व्हाइसरॉयच्या मंडळातील बापूजी अणे यांच्या दिल्लीतील दारापासून सुरू झालेला त्यांचा आग्रह ६३ दिवसांच्या उपोषणापर्यंत गेला व जानेवारी १९४३ मध्ये थांबला.

दरम्यान चिमूर-आष्टीच्या आरोपींना फाशी सुनावली गेली. त्यांच्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी मोहीम उभारली. हत्या झाल्याच होत्या, त्या नाकारण्यात अर्थ नव्हता. तरी या माणसांचे प्राण वाचावेत, ही मागणी म्हणूनच अधिक अवघड होती. ऑगस्ट १९४५ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली. चिमूरच्या स्त्रियांनी केलेल्या तक्रारींची स्वतंत्र चौकशी मात्र ब्रिटिश सरकारने शेवटपर्यंत नेमली नाही.