मेंढपाळ देव : एका दृष्टांताचा इतिहास



तुकोबारायांच्या पालखीबरोबर चालणाऱ्या माउलींना काटेवाडीचे रिंगण सांगायला नको. मेंढ्या रथाभोवती धावतात आणि त्यांना राखणारा धनगर हात जोडून उभा राहतो. त्या घटकेला तोही देवाच्या कळपातला एक होतो. ते दृश्य पाहिले की मला ख्रिस्ती लोकांचा मेंढपाळ-देवाचा दृष्टांत आठवतो. तो कोठून आला आणि कसा वाढला, हे आपण थोडे पाहू.

पश्चिम आशियातील रुक्ष प्रदेशात शेळ्यामेंढ्या हे मोठे धन. म्हणून तेथे राजालाच मेंढपाळ म्हणण्याची चाल होती. इसवी सनापूर्वी १८ व्या शतकातला बाबिलोनचा राजा हम्मुराबी आपल्या कायद्यांच्या शिलालेखात स्वतःला मेंढपाळ म्हणवतो. मिसरच्या राजांच्या हातीही आकडीची काठी दिसते. यहुदी लोकांनी हे बिरुद देवाला वाहिले. दावीद राजा लहानपणी बेथलेहेमात बापाची मेंढरे राखीत असे. त्याच्या नावावर असलेल्या २३ व्या स्तोत्रात देव कुरणापाशी व पाण्यापाशी नेणारा आहे, आणि अंधाऱ्या दरीतही त्याच्या काठीचा धीर आहे.

पुढे इसवी सनापूर्वी ५८६ मध्ये यरुशलेम पडले, लोक बाबिलोनात बंदिवान झाले. बाबिलोनातील बंदिवानांत यहेज्केल नावाचा संदेष्टा होता. त्याच्या ग्रंथाच्या ३४ व्या अध्यायात त्याने पुढाऱ्यांचे वाभाडे काढले आहेत. हे मेंढपाळ स्वतःचेच पोट भरतात, लोकर पांघरतात. पण दुखावलेल्याला पट्टी बांधत नाहीत, हरवलेल्याला शोधत नाहीत. तेव्हा देव म्हणतो की आता मीच शोधायला निघेन.

येशूने हाच धागा पुढे नेला. लूकच्या शुभवर्तमानात १०० मेंढरांपैकी एक हरवते. धनी ९९ रानात ठेवून त्या एकामागे जातो आणि सापडल्यावर खांद्यावर घेऊन आनंदाने घरी येतो. योहानाच्या १० व्या अध्यायात दोन राखणदार आहेत. मोलकरी लांडगा दिसताच पळतो. खरा मेंढपाळ मेंढरांसाठी प्राण देतो, एकेकाला नावाने हाक मारतो.

रोममधील भूमिगत दफनस्थानांत ३ ऱ्या शतकापासून हे चित्र आढळते : दाढी नसलेला तरुण, खांद्यावर मेंढरू. मेंढा खांद्यावर घेतलेली आकृती ग्रीक लोकांत आधीपासून होती. ख्रिस्ती लोकांनी तिला नवा अर्थ दिला. सिरियात फरात नदीकाठी दुरा-युरोपोस येथे बाप्तिस्म्याच्या कुंडावर असाच मेंढपाळ रंगवलेला सापडला. ५ व्या शतकात इटलीतील रावेन्ना येथे मात्र तोच मेंढपाळ सोनेरी वस्त्रांत, हाती क्रूस घेऊन बसलेला दिसतो. बिशपच्या हातातील आकडीदार दंडही त्या काठीचेच रूप, आणि आपल्याकडील मराठी ख्रिस्ती बांधव धर्मगुरूला ‘पाळक’ म्हणतात तेही यातूनच. १७ व्या शतकात गोव्याच्या कारागिरांनी हस्तिदंतात बाळयेशू कोरला : टेकडीवर बसलेला, डोळे मिटलेले, गाल हातावर टेकलेला, अंगाखांद्यावर कोकरे. काही अभ्यासकांना त्यात बुद्धाची ध्यानमुद्रा दिसते.

येथे शंका येते. मेंढपाळ मेंढ्या पाळतो तो लोकर-मांसासाठी; मग ही उपमा देवाला कशी शोभेल? पण दृष्टांत एकदेशी असतो, त्याचा सगळा अंश घ्यायचा नसतो. शिवाय येथे व्यवहार उलटा आहे. मेंढरू धन्यासाठी मरत नाही, धनी मेंढरासाठी मरतो. म्हणूनच ख्रिस्ती लोक त्याच येशूला देवाचे कोकरूही म्हणतात.

आपल्या शास्त्रात मर्कटन्याय आणि मार्जारन्याय सांगितले आहेत. माकडाचे पोर आईला घट्ट धरते. मांजराच्या पिलाला आईच उचलते. खांद्यावरचे मेंढरू हा मार्जारन्यायच. आपण विठ्ठलाला माउली म्हणतो, त्यातला भाव वेगळा नाही. गाय हंबरत वासराकडे धावते, तसाच तो मेंढपाळ काट्याकुट्यांतून धावतो. देव निराळे मानणारेही भक्ताची असहायता आणि देवाची धाव ओळखतात, याचे मला समाधान वाटते.

पण मला बोचतो तो मोलकरी. वर्षांपूर्वी एका सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपून मी निघालो होतो. एका म्हातारीने पाय धरले. तिचा माळकरी लेक माळ काढून दारूला लागला होता. ‘महाराज, घटकाभर घरी येऊन त्याच्याशी बोला’, एवढेच तिचे मागणे. पुढच्या गावी कार्यक्रम ठरला होता, बिदागीही ठरली होती. मी तिला बुक्का लावला आणि गाडीत बसलो. मंडपातले ९९ मला पुरेसे वाटले. आता गळा थकला, कीर्तन सुटले. गाजलेली कीर्तने विसरलो, ती म्हातारी विसरलो नाही.

तरुण कीर्तनकारांनो, वीणा गळ्यात घ्याल तेव्हा मंडपात कोण आले हे पाहाच; पण कोण येईनासा झाला हेही गावात विचारा. आणि त्याच्या दारी चालत जा.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!