अठरा नाण्यांचा होला

दख्खनच्या कोरड्या माळावर, बाभळीच्या फांदीवर घुमत बसलेला करडा होला फारसा कोणाच्या नजरेत भरत नाही. मानेमागची काळी अर्धी कंठी, एवढीच काय ती त्याची ओळख. विसाव्या शतकात याच पक्ष्याने जवळजवळ सारा युरोप पादाक्रांत केला.

युरोपीय शास्त्राच्या दफ्तरात त्याची नोंद झाली ती ऑटोमन साम्राज्यातून. १८३८ साली हंगेरियन निसर्गअभ्यासक इम्रे फ्रिवाल्ड्स्की याने फिलिपोपोलिस, म्हणजे आजच्या बल्गेरियातील प्लॉवदिव्ह, येथील पक्ष्यांवरून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि नाव दिले ‘डेकाओक्टो’. ग्रीक भाषेत याचा अर्थ अठरा. वर्षाकाठी अवघ्या अठरा नाण्यांवर राबणाऱ्या एका मोलकरणीने देवांकडे दाद मागितली, तेव्हा देवांनी तिचे गाऱ्हाणे जगभर सांगत फिरणारा हा पक्षी घडवला, अशी दंतकथा आहे. त्याच्या घुमण्यातून म्हणे तोच आकडा ऐकू येतो.

१९०० च्या सुमारास युरोपातील त्याचा वावर तुर्कस्तान आणि बाल्कन प्रदेशापुरताच होता. पक्ष्याची ही सीमा ऑटोमन सत्तेच्या सीमेशी बरीच जुळत असल्याने एक मत पुढे आले: मुस्लिम वस्त्यांत होल्याला अभय होते, म्हणून तो तिथे टिकला. मत आकर्षक आहे, पण अपुरे आहे. होला बाल्कनमध्ये का होता, हे त्यातून कदाचित कळते. तिथून पुढे का निघाला, हे कळत नाही. खरी झेप तर ऑटोमन सत्ता बाल्कनमधून जवळपास हटल्यानंतरची आहे.

१९३० च्या दशकात तो हंगेरीत स्थिरावला आणि महायुद्धाच्या काळात जर्मनीत पोहोचला. माणसांच्या सीमा रक्ताने बदलत असताना याची घरटी मात्र पुढे पुढे सरकत होती. चाळीसचे दशक संपेतो नेदरलँड्स, डेन्मार्क आणि स्वीडन त्याने गाठले. १९५५ मध्ये इंग्लंडमधील नॉरफॉक परगण्यात त्याने पहिल्यांदा पिले वाढवली. पुढच्या दहा वर्षांत ब्रिटनमध्ये त्याच्या हजारो जोड्या झाल्या.

हे जमले कसे? एका विणीला अंडी दोनच, पण वर्षातून विणी अनेक. पिलांना आईबाप आपल्या अन्नपिशवीत तयार होणारे ‘दूध’ भरवतात, त्यामुळे किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. कोंबड्यांचे खुराडे, पिठाच्या गिरण्या, धान्याची गोदामे: जिथे माणूस दाणे सांडतो, तिथे याचे भागते. तरुण पक्षी जन्मस्थळापासून दूर जातात आणि तिथेच संसार थाटतात. मात्र सांडलेले धान्य युरोपात शतकानुशतके होतेच. मग नेमकी १९३० नंतरच ही धाव का? जनुकीय बदलापासून हवामानापर्यंत अनेक उत्तरे दिली गेली. निर्णायक एकही नाही.

अमेरिकेतील अध्यायाचा आरंभ मात्र स्पष्ट आहे. १९७४ मध्ये बहामा बेटांवर पिंजऱ्यातील काही होले सुटले. १९८० च्या दशकात त्यांची प्रजा फ्लोरिडात आढळली आणि काही दशकांतच पॅसिफिक किनाऱ्यापर्यंत गेली. गंमत अशी की युरोपात या पक्ष्याची मुख्य दिशा वायव्य होती, आणि अमेरिकेतही तो प्रामुख्याने वायव्येकडेच निघाला.