मॅग्नेशियम पूरके

मॅग्नेशियम पूरके म्हणजे मॅग्नेशियम या खनिजाची उणीव भरून काढण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्या, चूर्णे व द्रावणे होत. स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे कार्य आणि ३०० हून अधिक विकरांच्या क्रिया या खनिजावर अवलंबून असतात. प्रौढ शरीरात सुमारे २५ ग्रॅम मॅग्नेशियम असते. पैकी निम्म्याहून अधिक हाडांत, तर एक टक्क्याहून कमी रक्तद्रवात आढळते. त्यामुळे रक्ततपासणीत आकडा सामान्य आला, तरी शरीरातील साठा पुरेसा असेलच असे नाही.

स्वरूप व मात्रा

पूरकांत मॅग्नेशियम संयुगांच्या रूपात असते. ऑक्साइडमध्ये वजनाच्या सुमारे ६० टक्के मॅग्नेशियम असते, पण त्याचे शोषण कमी होते. सिट्रेटमध्ये प्रमाण बरेच कमी असूनही शोषण अधिक चांगले होते. वेष्टनावरील आकडा संयुगाचा आहे की मॅग्नेशियमचा, हे म्हणूनच पाहावे लागते. अमेरिकी शिफारशीनुसार प्रौढ पुरुषांना दररोज ४०० ते ४२० आणि स्त्रियांना ३१० ते ३२० मिलिग्रॅम मॅग्नेशियम लागते, तर पूरके व औषधे यांतून घ्यावयाची कमाल मर्यादा ३५० मिलिग्रॅम आहे. ही मर्यादा पुरुषांच्या गरजेपेक्षा कमी दिसते, कारण तीत अन्नातील मॅग्नेशियम धरलेले नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तीळ, बदाम, डाळी व हिरव्या पालेभाज्या हे त्याचे चांगले स्रोत होत. तांदूळ सडताना मात्र कोंड्याबरोबर त्याचा मोठा भाग निघून जातो.

लाभ

दीर्घकालीन अतिसार, मद्यासक्ती, काही मूत्रल औषधे किंवा आम्लपित्तावरील ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचे दीर्घकाळ सेवन यांमुळे उणीव निर्माण झाल्यास पूरकांचा उपयोग निर्विवाद आहे. रक्तदाब त्यांनी किंचित उतरतो. अर्धशिशीचे झटके कमी होत असल्याचे काही पुरावे आहेत. झोपेविषयीचे पुरावे दुर्बल असून, वृद्धांच्या पायांत येणाऱ्या गोळ्यांवर, म्हणजे ज्यासाठी ही पूरके हमखास सुचवली जातात त्या तक्रारीवर, विशेष गुण येत नाही असे अभ्यासांतून दिसते. गरोदरपणातील प्री-एक्लॅम्प्सियात मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन झटक्यांचा धोका निम्म्यावर आणते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत दिसून आले. परंतु तो रुग्णालयीन उपचार आहे, त्यावरून गोळ्यांचे गुण ठरवता येत नाहीत.

धोके

जुलाब, मळमळ व पोटात मुरडा हे सर्वसाधारण दुष्परिणाम होत. अतिरिक्त मॅग्नेशियम मूत्रपिंडे बाहेर टाकतात. ती दुर्बल असल्यास ते रक्तात साठते. मग रक्तदाब घसरतो, स्नायू शिथिल होतात, गुंगी येते, आणि प्रमाण फार वाढल्यास श्वसन वा हृदयक्रिया बंद पडू शकते. वृद्धांना हा धोका अधिक असतो, कारण अनेक आम्लशामके व रेचके यांतही मॅग्नेशियमच असते आणि पूरकाच्या गोळीबरोबर त्याची बेरीज होते. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड हे रेचक म्हणून सर्रास वापरले जाते. त्यापासून झालेल्या गंभीर विषबाधांमुळे तेथील आरोग्य मंत्रालयाने २००८ मध्ये इशारा दिला होता.

टेट्रासायक्लिन व सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविके, थायरॉइडवरील लिव्होथायरॉक्सिन आणि अस्थिविरलतेवरील ॲलेंड्रोनेट यांचे शोषण मॅग्नेशियममुळे घटते. यासाठी दोहोंच्या वेळांत काही तासांचे अंतर ठेवतात. लिव्होथायरॉक्सिनबाबत ते किमान चार तासांचे असावे लागते.