साखर उतरली तर घरात काय करायचं? किनारपट्टीवर इन्सुलिनवरच्या रुग्णाची शुश्रूषा

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या गावांत मधुमेही रुग्णाची खरी नर्स म्हणजे घरातलीच बायको, सून किंवा मुलगी. डॉक्टर कधीतरी भेटतात. सुई, जेवणाची वेळ आणि पायाची जखम रोज तिलाच बघावी लागते. साखर वाढण्याची भीती सगळ्यांनाच असते, पण इन्सुलिन घेणाऱ्याच्या जिवावर लवकर बेततं ते साखर उतरणं.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडतं, माणूस चिडतो किंवा असंबद्ध बोलतो. दारू प्यायलाय, नाहीतर काहीतरी बाधलंय, असं समजण्यात मोलाचा वेळ जातो. रुग्ण शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं, फरक नसेल तर पुन्हा द्यावी. बरं वाटल्यावर पेज किंवा भात. यंत्र घरात नसलं तरी लक्षणं दिसताच साखर द्यायची, वाट बघायची नाही. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये. कुशीवर झोपवून १०८ ला फोन करावा.

मच्छीमारांच्या घरी हे जास्त जपावं लागतं. जून-जुलैची बंदी संपून माणूस पुन्हा होडीवर गेला किंवा रापण ओढायला लागला की मेहनत एकदम वाढते, डोस मात्र बसून असतानाचाच. हंगामाआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं आणि साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून सोबत द्यावी. होडीवरच्या एका तरी सोबत्याला हे ठाऊक हवं.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवावं, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेली बाटली फेकून द्यावी. वापरातली बाटली साधारण चार आठवडे गार जागी टिकते. उन्हाळ्यात लाईट गेली तर बंद डबीत घालून पाण्याच्या मडक्यात ठेवता येते. पावसात दमटपणामुळे मडकं फारसं गार होत नाही, पण तेव्हा उकाडाही कमी असतो.

ताप-उलटीत 'जेवलाच नाही, मग सुई कशाला' म्हणून इन्सुलिन परस्पर बंद करणं ही मोठी चूक. अशा वेळी साखर वाढूही शकते. वरचेवर तपासावं, थोडं थोडं पाणी-पेज द्यावी आणि डोस डॉक्टरांना विचारावा.

रोज रात्री तळपाय बघावेत. कालवं काढताना खडकावर पाय कापतो आणि संवेदना गेलेली असेल तर कळतही नाही. गरम पाण्यात पाय बुडवू नयेत, फोड येतात. जखम काळी पडली, वास आला की घरगुती लेप लावत बसू नये.

थायरॉईडचं काम त्यामानाने सोपं. कमी थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा त्यानंतर अर्ध्या-एक तासाने. लोह-कॅल्शियमच्या गोळ्या मात्र चार तासांनी.