‘महिला’ हा शब्द खोडताना

कमला सोहोनी यांच्याविषयी लिहिताना मी सवयीने ‘महिला शास्त्रज्ञ’ लिहून गेले आणि थबकले.

इंग्रजीत पूर्वी ‘मॅन ऑफ सायन्स’ म्हणत. १८३३ साली केंब्रिजच्या सभेत विल्यम ह्युएल यांनी ‘आर्टिस्ट’च्या धर्तीवर ‘सायंटिस्ट’ हा शब्द सुचवला. १८३४ मध्ये तो छापून आला, तो त्यांनीच मेरी सॉमरव्हिल यांच्या ग्रंथावर लिहिलेल्या परीक्षणात. शब्द सॉमरव्हिलबाईंसाठीच घडवला, ही मात्र दंतकथा. बाईंचे कौतुक करतानाच, स्त्रीची बुद्धी पुरुषाहून निराळी असते, असेही ह्युएल यांनी त्यात बजावले. शब्दाने ‘मॅन’ टाकला. मनातून तो गेला नाही.

पुढे शंभर वर्षांनी, १९३३ मध्ये, बंगळुरूच्या विज्ञानसंस्थेत सी. व्ही. रामन यांनी कमलाबाईंना स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी हट्टाने, वर्षभराच्या अटीवर तो मिळवला आणि १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट घेतली.

आपला ‘शास्त्रज्ञ’ दोघांनाही चालतो. शास्त्रज्ञ आला, शास्त्रज्ञ आली; सांगायचे ते क्रियापद सांगते. ‘महिला’ जोडले की नुसता ‘शास्त्रज्ञ’ पुरुषांच्या नावावर चढतो.

मी तो शब्द खोडला. आता वाक्य असे आहे: शास्त्रज्ञ कमला सोहोनी केंब्रिजहून भारतात परतल्या.