तट उतरवून शिकविलेली सुरक्षा

संगणक-सुरक्षेच्या वर्गात पहिला धडा कसा देतात, हे ऐकून आपणांपैकी अनेकांस नवल वाटेल. तेथे प्रथम सुरक्षाच काढून टाकतात. या विलक्षण रीतीमागील इतिहास आम्हांस उद्बोधक वाटतो.

मूळ दोष साधा आहे. 'सी' भाषेतील प्रोग्रॅम मजकुरासाठी मेमरीत ठरावीक जागा राखतो. मजकूर तिच्यात मावतो की नाही, हे भाषा स्वतः तपासत नाही. नोंदवहीच्या अरुंद रकान्यात लांब नाव लिहिले की ते शेजारच्या रकान्यात शिरते, तसेच हे. मात्र येथे जवळच, हातचे काम संपल्यावर पुढे कोठे जावे, याचा पत्ता असतो. तो ज्याला बदलता आला, त्याच्या हाती प्रोग्रॅमची सूत्रे जातात.

अमेरिकी हवाई दलासाठी जेम्स अँडरसन यांनी १९७२ साली सिद्ध केलेल्या अहवालात या धोक्याचे वर्णन होते. तथापि जगाला जाग आली ती २ नोव्हेंबर १९८८ रोजी. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने हजारो संगणक जेरीस आणले. त्याच्या अनेक वाटांपैकी एक होती अवघ्या ५१२ बाइटांची अशीच एक जागा. पुढे १९९६ साली 'फ्रॅक' नियतकालिकात 'अलेफ वन' या टोपणनावाच्या लेखकाने ही युक्ती पायरीपायरीने उलगडली.

मग तट उभे राहिले. १९९८ च्या 'स्टॅकगार्ड'ने त्या पत्त्याआधी एक खूणसंख्या ठेवली. ती बिघडली की प्रोग्रॅम थांबे. कोळशाच्या खाणीत विषारी वायूची सूचना देणाऱ्या पक्ष्यावरून तिला 'कॅनरी' म्हणतात. २००१ साली 'पॅक्स'ने मेमरीतील पत्ते दर वेळी बदलण्याची योजना आणली. २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात तिचा समावेश झाला. मजकुराच्या जागेतून आज्ञा चालू न देण्याची सोय २००४ साली विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने घरोघरी पोहोचविली.

यातून शिक्षकांपुढे पेच उभा राहिला. १९९६ चा धडा नव्या यंत्रावर चालेना. प्रोग्रॅम नुसता बंद पडे आणि विद्यार्थ्याला कारण कळेना. सायरॅक्यूज विद्यापीठाचे प्राध्यापक वेनलियांग डू यांनी २००२ पासून उभारलेल्या 'सीड' प्रयोगमालेत याचे उत्तर आहे. संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक मांडायचा, त्यात पत्ते बदलण्याची सोय शून्यावर आणायची, कॅनरी वगळायची, आज्ञा चालू द्यायच्या. दोष उघडा दिसला की एकेक तट परत उभारून त्याचे बळ जोखायचे. तेव्हा उमगते की ३२ बिटांच्या लिनक्सवर मजकुराच्या जागेचे संभाव्य आरंभपत्ते ५,२४,२८८ च असतात. चिकाटीने पुनःपुन्हा प्रयत्न करणाऱ्यास ते फार नाहीत.

यातून चोरच घडणार नाहीत काय, ही शंका रास्त आहे. म्हणूनच हा प्रयोग नित्याच्या यंत्रावर करावयाचा नाही. पत्त्यांची ती सोय साऱ्या यंत्राला एकच असते. एका धड्यासाठी ती काढली, तर तेथील प्रत्येक प्रोग्रॅम उघडा पडतो. धडा संपताच ती पूर्ववत २ या आकड्यावर आणणे, हाही शिक्षणाचाच भाग होय.

आमच्या मते या रीतीचे खरे मोल अन्यत्र आहे. तट कशासाठी बांधला हे ज्याने पाहिले नाही, तो पहिल्याच अडचणीत त्याला खिंडार पाडतो. ज्याने तो स्वहस्ते उतरवून परिणाम पाहिला, तोच त्याची राखण करतो.