ललाटीची लेखणी

अंगावर धारण करावयाच्या साहाय्यक साधनांचा इतिहास हा केवळ यंत्रसुधारणेचा इतिहास नव्हे. आयरिश लेखक क्रिस्टोफर नोलन (१९६५–२००९) यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जन्मसमयी प्राणवायूच्या अभावी मेंदूस इजा होऊन त्यांना सेरेब्रल पाल्सी जडली. वाचा आणि हातापायांवरील ताबा त्यांना लाभलाच नाही. अकराव्या वर्षी स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने मानेवर काहीसे नियंत्रण आले आणि कपाळाला बांधलेल्या काडीने ते टंकलेखनयंत्राची एकेक कळ दाबू लागले. त्या वेळी आई त्यांचे मस्तक दोन्ही हातांनी सावरून धरीत असे. १९८१ साली त्यांचे पहिले पुस्तक निघाले. १९८७ साली ‘अंडर द आय ऑफ द क्लॉक’ या आत्मकथनास व्हिटब्रेड पारितोषिक मिळाले. ‘द बन्यन ट्री’ ही कादंबरी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मस्तक दुसऱ्याने धरावे आणि शब्द मात्र स्वतः निवडावा, हेच या स्वातंत्र्याचे स्वरूप होय. आज मनगटी यंत्रे प्रौढ विकलांगांना कामाची आठवण देतात, तशीच त्यांचा ठावठिकाणाही इतरांना कळवितात. म्हणून साधनाने साहाय्य किती घटविले यापेक्षा निवडीचा अधिकार कोणाकडे ठेवला, हा प्रश्न अधिक मूलगामी ठरतो.